जुन्या वास्तूंचे फोटो : चौकट बसत नाही, मदत हवी आहे (पाच प्रचि, म्हणजे प्रकाशचित्रं)

उंबरठा

नमस्कार मंडळी.

गेली दोन वर्षं सुटीच्या दिवशी जुनी देवळं, वाडे, दरवाजे यांचे फोटो काढत हिंडतो आहे. जागेवर उभा असतो तेव्हा अंगावर काटा येतो. घरी येऊन मोठ्या पडद्यावर फोटो उघडला की त्यातलं काहीच दिसत नाही. दगड असतो, कोरीवकाम असतं, पण जे बघून मी थांबलो होतो ते नसतं. हे मला मनापासून लागतं, म्हणून धागा काढतोय. कॅमेरा साधा डीएसएलआर, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स, आणि फोन.

प्रचि १ : शनिवारवाडा, दिल्ली दरवाजा. डिसेंबर, सकाळी साडेदहा. आकाश पांढरंफटक, दरवाजा काळपट, बाजूचे दोन्ही बुरूज आत झुकलेले.

प्रचि २ : खिद्रापूर, कोपेश्वराचा स्वर्गमंडप. उभ्या उभ्या कॅमेरा वर करून काढला. छताचं गोल झरोकं लंबगोल आलंय आणि एका बाजूला सरकलंय.

प्रचि ३ : तिथलीच बाहेरची दक्षिण भिंत, दुपारी बारा. मूर्तींच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे.

प्रचि ४ : राजाबाई टॉवर, मुंबई. रस्त्यावरून. टॉवर मागे रेलल्यासारखा दिसतोय.

प्रचि ५ : सिन्नरचा गोंदेश्वर, बरोबर समोरून. पुढे नंदीमंडप, आणि मुख्य शिखर त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखं.

नवा कॅमेरा घ्यायचा सल्ला नको, घेणं शक्य नाही. उभं कुठं राहायचं आणि काय बघायचं ते सांगा.

कृष्णाकाठ

प्रचि २ आणि ३ वर लिहितो. माझं गाव कुरुंदवाडच्या अंगाला, खिद्रापूर लहानपणापासून पायाखालचं.

उंबरठा, स्वर्गमंडपात तुम्ही चुकलात ते कॅमेऱ्यामुळे नाही, उभे राहिलात म्हणून. अठ्ठेचाळीस खांबांचा तो मंडप आणि मधोमध उघडं आकाश. झरोक्याच्या बरोबर खाली जमिनीत गोल शिळा आहे, ती तुम्ही पाहिली असेल. बांधणाऱ्याने जागा आखून दिली आहे. वरचं वर्तुळ आणि खालचं वर्तुळ एका ओळंब्यात आहेत, आणि तुमची लेन्स त्या ओळंब्यावर पाहिजे. हातात धरून मान वर केली की लेन्स थोडी तरी कलते, आणि वर्तुळ जरासं कललं तरी डोळा ते लगेच पकडतो.

मी असं करतो : पाणी प्यायची बाटली नाही, चटई नाही, काही नाही. फोन सरळ शिळेच्या मध्यावर पाठीवर निजवायचा, पुढचा कॅमेरा वर बघतो. दहा सेकंदांचा टायमर लावायचा आणि खांबांच्या आड जायचं. पहिला फोटो येईल तो साधारणच असेल. आता त्यात वर्तुळाभोवतीचे बारा खांब मोजा. एका बाजूच्या खांबाचा दंड जास्त दिसतोय आणि समोरच्याचा कमी, असं असेल तर जिकडचा जास्त दिसतो त्याच्या जवळ गेला आहात. त्या खांबापासून एक बोट लांब सरकवा. पुन्हा. मला कधी सात-आठ वेळा सरकवावा लागतो. बारा खांब सारखे दिसायला लागले की मंडपात आपोआप शांतता उतरते, ती फोटोतही येते.

उजेडाचं म्हणाल तर भरदिवसा ते जमणार नाही. आकाश आणि आतला काळा दगड यांच्या उजेडात एवढी तफावत असते की एक सांभाळला तर दुसरा जातो. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं अशी येतात की आकाश अजून निळं असतं, मंडपात अंधूक उजेड असतो, आणि दोन्ही एका चौकटीत मावतात. आभाळ भरून आलेल्या दिवशीही जमतं. कार्तिकी पौर्णिमेला लोक मुद्दाम येतात, कारण त्या दिवसांत पूर्ण चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास जवळपास डोक्यावर येतो आणि झरोक्यात उतरतो. पण त्या रात्री गर्दी असते. शिळेवर फोन ठेवून लोकांना अडवू नका. गाभाऱ्यात फोटो काढूच नका.

आता प्रचि ३. देऊळ पूर्वाभिमुख आहे. म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर सकाळचं ऊन तिरपं, भिंतीला घासत येतं. आठ ते नऊच्या दरम्यान जा. खालच्या थरातल्या हत्तींच्या गंडस्थळांवर कडेने उजेड पडतो, सोंडेची सावली शेजारच्या हत्तीच्या पायावर जाते, आणि दगडातला उठाव बाहेर येतो. बाराला तेच ऊन वरून येतं आणि भुवईखाली अंधार करतं. म्हणून डोळ्यांचे खड्डे.

एवढंच सांगायचं आहे : देवळात शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा, कॅमेरा पिशवीत ठेवून. ते कुठे तोंड करून आहे, ऊन कुठून येतं, बांधणाऱ्याने माणसाला कुठे उभं करायचं ठरवलं होतं, ते कळू द्या. मग कॅमेरा काढा.

मोरपिशी

कृष्णाकाठ, बारा खांब मोजायची युक्ती फार आवडली. वाचनखूण साठवली.

गिरगावकर

प्रचि ४ बद्दल. राजाबाई टॉवर ८५ मीटर उंच. तुम्ही फुटपाथवरून कॅमेरा वर केला, म्हणून उभ्या रेषा वर जाता जाता जवळ आल्या आणि टॉवर मागे पडला. रेषा सरळ हव्या असतील तर कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर पाहिजे, म्हणजे कॅमेरा वर करायचाच नाही. मग टोक चौकटीत कसं येणार? मागे जाऊन.

किती मागे, त्याचा हिशोब मी कागदावर करून ठेवलाय. बहुतेक फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिमीच्या तोडीची असते (आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं). तुमची १८-५५ सुद्धा १८ वर ठेवली की थोडीशीच अरुंद. फोन उभा धरला आणि अजिबात कलता केला नाही, तर इमारतीच्या उंचीच्या साधारण सव्वा ते दीडपट अंतरावरून टोक चौकटीत येतं. राजाबाईला म्हणजे सव्वाशे मीटर धरा. आणि हे अंतर मुंबईनेच आपल्याला देऊन ठेवलंय : ओव्हल मैदान! आत जा, चालत चालत पश्चिमेच्या कडेपर्यंत मागे या.

असं केल्यावर फोटोचा खालचा अर्धा भाग नुसतं मैदान येतं. ते कापून टाकता येतं, पण कापण्याआधी बघा. तिथं पोरं क्रिकेट खेळत असतात. पांढऱ्या कपड्यातला गोलंदाज धावत येतोय आणि मागे टॉवर सरळ उभा, याहून मुंबईचं काय दाखवणार? शिवाय माणूस चौकटीत आला की उंची कळते. रिकाम्या फोटोत ८५ मीटर आणि २५ मीटर सारखेच दिसतात.

वेळ संध्याकाळची. टॉवर, विद्यापीठाची इमारत, उच्च न्यायालय, या सगळ्यांचं तोंड मैदानाकडे, म्हणजे पश्चिमेला. चारनंतर दगड मधासारखा पिवळा होतो. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून टॉवरचे आणि विद्यापीठाचे आराखडे केले, मुंबईत ते कधी आलेच नाहीत. १८७८ मध्ये टॉवर पुरा झाला. संध्याकाळी मैदानात बसलं की वाटतं, त्यांनी हे ऊन एकदा तरी पाहायला हवं होतं.

आणि सकाळी पाठ फिरवा. समोरच्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग पूर्वेला तोंड करून आहे, सकाळचं ऊन तिच्यावर. २०१८ मध्ये या दोन्ही बाजू मिळूनच जागतिक वारसा यादीत गेल्या. एका मैदानात दोन वेळा, दोन दिशा.

उंबरठा

गिरगावकर, हा हिशोब मला कोणीच सांगितला नव्हता. धन्यवाद. पण पेठांमधल्या गल्लीत मागे जायला जागाच नसते, तिथे काय?

गिरगावकर

तिथे उंचीवर जा. समोरच्या घराचा दुसरा मजला, जिन्याची खिडकी, गच्ची. इमारतीच्या निम्म्या उंचीवर पोहोचलात की कॅमेरा सरळ धरूनही वरखाली सारखं मावतं. विनंती करा, मला आजवर कोणी हाकललेलं नाही, उलट चहा मिळालाय.

तेही जमलं नाही तर सगळी इमारत घ्यायचा हट्ट सोडा. सीएसएमटीला आम्ही हेच करतो. अख्खं स्थानक समोरच्या चौकातून एकदा काढायचं आणि मग लांब लेन्स लावून एकेक तुकडा : फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची प्रगतीची मूर्ती, दगडात कोरलेली पानं आणि प्राणी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांची ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, आणि समोरची महापालिकाही त्यांचीच, १८९३ ची. दोन्हींचे घुमट एका चौकटीत आणायचा प्रयत्न मी किती वर्षं करतोय, वाहतुकीच्या मधोमध उभं राहिल्याशिवाय हवा तसा जमत नाही. तसं उभं राहू नका.

तिसरामजला

प्रचि १ चं उत्तर सोपं आहे. दिल्ली दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. नावच दिल्ली दरवाजा! त्याच्यासमोर उभे राहिलात की तुम्ही दक्षिणेला बघताय. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, म्हणजे तो सतत वाड्याच्या मागे, तुमच्या डोळ्यांत. त्या महिन्यात दरवाजावर थेट ऊन पडतच नाही. तुम्ही पहाटे गेला असतात तरी पडलं नसतं.

ऊन हवं असेल तर मे-जून-जुलैत जा. तेव्हा सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस येतो ना, त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भरदुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. जूनमध्ये पाऊस उघडला आणि सकाळी सातला तुम्ही तिथं असलात, तर कोवळी किरणं दरवाजाच्या फळ्यांवर तिरपी येतात. हत्तींनी धडक मारू नये म्हणून बसवलेले ते लांब अणकुचीदार खिळे, प्रत्येकाची सावली फळीवर लांबच लांब पडते. मी एकदाच मिळवलाय तो फोटो, चार वर्षं जूनमध्ये जात होतो.

हिवाळ्यातच काढायचा असेल तर उन्हाची वाट बघू नका. ढगाळ दिवस निवडा, किंवा सूर्य मावळल्यावर जा. आकाश चौकटीत कमी घ्या. पांढरं आकाश फोटोतला सगळा जीव खातं.

आणखी एक. सगळे दरवाजाच काढतात. आत १८२८ च्या आगीनंतर उरलेली जोती आहेत, त्यांना कोणी वळून बघत नाही. तटावर चढा आणि तिथून खाली बघा. १७३० साली पाया घातलेल्या वाड्याचा नकाशाच जमिनीवर उमटलेला दिसतो : चौक, कारंजी, भिंतींच्या रेषा. खालून नुसते दगड, वरून घर. त्यासाठी सकाळचं किंवा संध्याकाळचं लांब सावल्यांचं ऊन लागतं, कारण जोती फूट-दोन फूट उंच, दुपारी ती सपाट होऊन जातात.

नांदूरमध्यमेश्वर

गोंदेश्वर माझ्या घरापासून तासाभरावर, म्हणून प्रचि ५ माझ्याकडे. ते पंचायतन आहे. मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं : पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू. बरोबर समोरून उभं राहिलं की पुढचं मागच्याला झाकतं, आणि नंदीमंडप सगळ्यांच्या पुढे. समोरासमोरची चौकट वाड्याला, चर्चला, दरवाजाला शोभते. पंचायतनाला कोपऱ्यातून बघा. आग्नेय कोपऱ्यात, आवाराच्या भिंतीजवळ, जितकं मागे जाता येईल तितकं. तिथून छोटी शिखरं मोठ्याच्या आजूबाजूला सुटी सुटी दिसतात, दोघांच्या मधे आकाशाची फट राहते. ती फट शोधत दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे करा. शिखरं एकमेकांना चिकटली की फोटो मेला.

काळ्या दगडाबद्दल एक गोष्ट सगळ्यांसाठी. चौकटभर बसाल्ट असला की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. दगड राखाडी, धुऊन काढल्यासारखा येतो. एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) एक घर खाली घ्या. फोनवर दगडावर बोट ठेवा आणि सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पावसाळ्यात दगड भिजून आणखी काळा होतो, तेव्हा तर नक्कीच. मला विचाराल तर सिन्नर पावसाळ्यातच बघावं, शिल्पं ओली असताना त्यांच्या कडांवर आकाश चमकतं.

पणती

गोव्यातून लिहितेय. आमच्याकडे बरोबर उलट : पांढरी चर्चं. कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, तो कमी करतो, आणि चुन्याची भिंत मळकी येते. तिथे एक्स्पोजर वर न्यावं लागतं.

जुनें गोंयला दोन इमारती समोरासमोर, रस्ता ओलांडला की दुसरी. बॉम जेझू बॅसिलिका, १६०५ ची, गिलावा काढून टाकलेला, उघडा जांभा. तिचं तोंड पश्चिमेला, साडेचारनंतर जांभा पेटल्यासारखा लाल होतो. आणि से कॅथेड्रल, तिचं तोंड पूर्वेला, ती सकाळची. पर्यटकांच्या बसगाड्या दोन्हीकडे दुपारी बाराला सोडतात, ते बघून जीव हळहळतो.

से कॅथेड्रलबद्दल मला मुद्दाम सांगायचं आहे. तिला दोन मनोरे होते, एक १७७६ मध्ये कोसळला, पुन्हा बांधला नाही. मी पहिल्यांदा फोटो काढले तेव्हा दरवाजा बरोबर मधे घेतला आणि दर वेळी चौकट एका बाजूला कलंडल्यासारखी वाटायची. मग मी उरलेला मनोरा मधे आणून बघितला, तेही खोटं वाटलं. शेवटी दरवाजा मधेच ठेवला, पण वर भरपूर आकाश सोडलं, आणि पडलेल्या मनोऱ्याच्या जागचं आकाश अजिबात कापलं नाही. आता बघणाऱ्याची नजर आधी उभ्या मनोऱ्यावर जाते आणि मग त्या मोकळ्या जागेत. तिथे काही होतं, हे न सांगता कळतं. त्या रिकाम्या आकाशाला मी आता चर्चचा भागच मानते.

उंबरठा

पणतीताई, हे वाचून दोनदा थांबलो. रिकामी जागासुद्धा वास्तूची असते हे डोक्यातच आलं नव्हतं.

दुसरा प्रश्न. विजेच्या तारा, एसीचे खोके, फलक. हल्ली फोनमध्ये बोट फिरवलं की पुसले जातात. पुसू का?

मोरपिशी

पुसा की. डोळ्यांना वास्तू दिसते तशी दाखवायची, तारा बघायला कोण जातं?

तिसरामजला

मी पुसत नाही. आधी जागा बदलून बघतो. दोन पावलं पुढे गेलं, गुडघ्यावर बसलं, झाडाची फांदी आड आली, की निम्म्या तारा जातात. उरल्या त्या राहू देतो. तारा पुसताना मागची भिंत मशीन मनाने भरतं. तिथे कोरीव हस्त (खांबावरचा तुळई पेलणारा आधार) होता की साधी तुळई होती, हे मशीनला माहीत नसतं. वीस वर्षांनी कोणी तो फोटो बघून दुरुस्ती करायला घेतली तर?

मोरपिशी

भिंतीवर घालायला छापतो त्यात काय बिघडलं? प्रत्येक फोटो दस्तऐवज नसतो.

पन्हाळी

दोघांचंही ऐकून लिहितो. मी वास्तुरचनाकार, जुन्या इमारतींची मोजमापं आणि आराखडे हे माझं रोजचं काम. मूळ फोटो जसाच्या तसा वेगळा जपून ठेवा, मग छापायच्या प्रतीत हवं ते करा, पण प्रत बाहेर देताना सांगा. मात्र कोरीवकामाच्या पुढून जाणारी तार पुसू नका, छापायच्या प्रतीतही नाही. मी दोन वेळा फसलोय. फोटोवरून कमानीची नक्षी उतरवून घेतली, जागेवर गेलो तर नक्षी वेगळीच. दहा दिवसांचं काम वाया गेलं.

संरक्षित स्मारकांवर तिपाई आणि ड्रोन परवानगीशिवाय चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या. तिपाईशिवाय अंधारात काढायचं असेल तर खांबाला खांदा टेकवा, श्वास सोडा आणि मग बटण दाबा. लेण्यांतल्या चित्रांवर फ्लॅश मारू नका, रंगांना इजा होते.

देवळी

मी इथे बहुतेक वाचतेच, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

माझ्या आजोळी वाईजवळ मामांचा वाडा आहे. दोन चौकी, पुढचा सोपा अजून धडधाकट, मागचा चौक गेल्या पावसाळ्यात बसला. वाटण्या झाल्या आहेत, मेमध्ये पाडायचा ठरला आहे. मामांचा दोष नाही, तीन वर्षं दुरुस्तीसाठी धडपडले.

आमच्याकडे वाड्याचे फोटो कितीतरी आहेत. काल सगळे काढून बसले. प्रत्येकात माणसं आहेत, आणि वाडा नाही. लग्नातला फोटो : मागे दरवाजाची गणेशपट्टी आहे, पण फुलांच्या माळेखाली, अर्धी कापलेली. मुंजीतला : तुळशीवृंदावन कोपऱ्यात, चौकाची एक कड. आजीचा एकमेव रंगीत फोटो माजघराच्या दारात आहे, मागे काळोख. ज्या माजघरात ती साठ वर्षं राहिली त्याचा एकही फोटो नाही.

मला पुढच्या शनिवार-रविवारी जायला मिळतंय. फोन आहे, बाकी काही नाही. सुंदर नको, पण काही सुटायला नको. कसं काढू?

पन्हाळी

देवळी, तुम्ही वेळेत विचारलंत, हे फार चांगलं झालं.

फोनमध्ये आधी चौकटीच्या रेषा सुरू करा. फोन कलला की दाखवणारी खूण असेल तर तीही. दोन दिवस तो सरळच धरायचा. जवळ एक टेप किंवा आखलेली काठी ठेवा, दर भिंतीच्या एका फोटोत ती भिंतीला टेकवून उभी करा, दुसऱ्यात काढून घ्या. पुढे मापं काढता येतात.

बाहेरून सुरुवात करा आणि पाहुणा आत येतो त्याच वाटेने आत या. रस्त्यावरून दर्शनी भिंत. मग दिंडी दरवाजा बंद, मग उघडा, मग आतून. देवडी. चौकात उभ्या राहा आणि चारी बाजू एकेक, समोरासमोर. मग चौकाच्या चारी कोपऱ्यांतून, समोरच्या कोपऱ्याकडे बघत. खोली कितीही लहान असली तरी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून घ्या, म्हणजे चारी भिंती आल्या. त्यानंतर वर बघा. कडीपाट, तुळया, खांबांवरचे हस्त, किती खण आहेत ते. वर बघायचं लोक विसरतात, आणि पाडताना पहिलं तेच उतरतं.

मागच्या बसलेल्या चौकात एकट्या जाऊ नका. दारातूनच काढा, वरची माती पडत असेल तर तेही नको.

माजघर काळोखी असेल. दिवा लावू नका. चौकाकडचं दार उघडं ठेवा, फोन कोनाड्यात किंवा उंबऱ्यावर टेकवा, टायमर लावा. दारातून येणारा उजेड जमिनीवर किती आत पोहोचतो, ते त्या घराचं घड्याळ असतं. सकाळी एक आणि दुपारी एक काढा.

कृष्णाकाठ

पन्हाळींनी सगळं सांगितलं. माझं एकच : मामींना सोबत घ्या. त्या कुठे थांबतात, कुठे हात ठेवतात, ते बघा आणि तिथे फोटो काढा. कोणती जागा महत्त्वाची हे आम्हाला इथून कळणार नाही.

इंदूरकर

आमच्या राजवाड्याचा अनुभव सांगतो. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीनंतर दुरुस्ती करताना जुने फोटो किती मोलाचे असतात ते शहराने पाहिलं. देवळी, जरूर काढा, आणि दोन-तीन ठिकाणी प्रती ठेवा.

उंबरठा

मंडळी, गेल्या रविवारी पुन्हा खिद्रापूरला जाऊन आलो.

पहाटे पोहोचलो. कृष्णाकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे कॅमेरा न काढता फेरी मारली. अर्धा तास लागला. दक्षिणेच्या बाजूला ऊन यायला सुरुवात झाली तेव्हा हत्तींच्या पाठी आधी उजळल्या, मग वरचे स्वार आणि मग मूर्ती. मागच्या वेळी मी याच भिंतीचे साठ फोटो काढले होते. या वेळी अकरा. त्यातला एक टाकतोय, प्रचि ६ : एकच हत्ती, सोंड तुटलेली, तुटलेल्या जागी दगडाचे छिन्नीने उठलेले दाणे मोजता येतात.

संध्याकाळी स्वर्गमंडप. नऊ वेळा फोन सरकवला. सूर्यास्तानंतर बारा-तेरा मिनिटांनी आकाश गर्द निळं झालं. प्रचि ७. बारा खांब सारखे आहेत, मी मोजले. झरोक्यातून एक वटवाघूळ गेलं ते वर उजवीकडे पुसट दिसतंय. पुसलेलं नाही.

कृष्णाकाठ

प्रचि ७ बघून डोळे भरले. इतकी वर्षं मी ते झरोकं बघतोय. आलं, अगदी जसं आहे तसं आलं. एक सूचना : खालच्या कडेचा काळा भाग थोडा कमी कापा, वर्तुळाला श्वास घ्यायला जागा हवी.

पणती

हत्तीचा फोटो मला जास्त आवडला. बाकीचे हत्ती चौकटीबाहेर आहेत, तरी रांग जाणवते.

देवळी

काल रात्री परत आले. एकशे सत्तर फोटो आहेत. सगळे नाही टाकत, दोनच.

पहिला माजघराचा, दुपारी पावणेतीनचा. पन्हाळी, तुम्ही म्हणालात तसा फोन उंबऱ्यावर टेकवला. चौकातला उजेड जमिनीवरून जात्याच्या जागेपर्यंत पोहोचतो आणि तिथे थांबतो. जातं नाही, पण शेणाने सारवलेल्या जमिनीत त्याचा गोल अजून आहे. मामी म्हणाली, आजी दुपारी तिथेच बसायची, कारण तिथवर दिसायचं.

दुसरा दिंडी दरवाजाचा, आतून. मी गणेशपट्टी, खालची चौकट, बिजागऱ्या असं सगळं काढून झालं म्हणून फोन खिशात ठेवला होता. मामी दारापाशी थांबली आणि भिंतीतल्या आगळीच्या, म्हणजे दार लावायच्या आडव्या दांड्याच्या, खोबणीत हात घालून उभी राहिली. कोपरापर्यंत हात आत गेला. म्हणाली, लग्न होऊन आले त्या रात्री सासऱ्यांनी आगळ सरकवायला मला सांगितलं होतं, तेव्हा ती मला हलली नव्हती.

फोटोत तिचा चेहरा नाही, ती नको म्हणाली. खोबण आहे, हात आहे, आणि आगळ घासून गुळगुळीत झालेली दगडाची खालची कड. काठी टेकवायची राहिली. मामा उद्या माप घेऊन कळवतो म्हणालाय, आलं की इथे लिहिते.